केसाला तोंड नसतं

इंदूरच्या साउथ तुकोगंजातल्या पार्लरांच्या काचेवरची दरपत्रकं वाचत गेलं, तर आपण दवाखान्यांच्या गल्लीत शिरलो की काय असं वाटतं. ‘डीप रिपेअर’, ‘इंटेन्स नरिशमेंट’, ‘प्रोटीन थेरपी’, ‘केराटिन ट्रीटमेंट’, ‘हेअर बोटॉक्स’. दर काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत. खुर्चीत बसलं की निदानही तयारच असतं: ‘दीदी, आपके बाल तो एकदम ड्राय हो गये हैं.’ मग एक मास्क, त्यावर वाफ, मग ‘दर पंधरा दिवसांनी या’ असा सल्ला.

याच्या विरोधात घरोघरी दुसरा पक्ष उभा असतो. ‘अगं, ते केमिकल कशाला डोक्यात घालतेस? अंडं लाव. दही लाव. मेथी वाटून लाव.’ हा पक्ष पार्लरला नावं ठेवतो, पार्लर या पक्षाला जुनाट ठरवतं. वरवर पाहता हे भांडण विज्ञान विरुद्ध परंपरा असं दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही पक्षांचा सिद्धांत एकच आहे. कोरडे केस उपाशी असतात, त्यांना बाहेरून पोसलं की ते पुन्हा जिवंत होतात, हा तो सिद्धांत. एक पक्ष डब्यातून पोसतो, दुसरा स्वयंपाकघरातून. माझं म्हणणं एवढंच की हा सिद्धांत मुळातच चूक आहे. केसाला तोंड नसतं. त्याला बाहेरून काही खाऊ घालता येत नाही आणि एकदा खराब झालेला केस कुणालाही पूर्ववत करता आलेला नाही. फार तर त्याला आणखी खराब होऊ न देणं आपल्या हातात असतं. कोरड्या केसांच्या नावाखाली चाललेला बराचसा धंदा आणि बरेचसे घरगुती उपद्व्याप हा फरक झाकून ठेवण्यावर उभे आहेत.

केसाचा जिवंत भाग टाळूच्या आत असतो, मुळाशी, काही मिलिमीटर खोल. तिथे पेशी वाढतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, मरतात आणि वर ढकलल्या जातात. टाळूच्या बाहेर जो केस दिसतो त्यात ना रक्त असतं, ना मज्जातंतू, ना झीज भरून काढणारी कुठली यंत्रणा. म्हणून तर कापताना दुखत नाही. शाळेच्या पुस्तकात हे नखांच्या जोडीने शिकवलेलं असतं. पण नखांचं पोषण व्हावं म्हणून दह्यात बोटं बुडवून बसलेलं कुणी पाहिलंय? नखाच्या बाबतीत शाबूत असलेली अक्कल केसाच्या बाबतीत कुठे जाते, कळत नाही.

केसाच्या बाहेरच्या अंगाला पातळ, पारदर्शक खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. खवल्यांवर स्निग्ध द्रव्याचा अगदी बारीक लेप असतो आणि तो रासायनिक बंधाने केसाशी जोडलेला असतो. हा लेप शाबूत असतो तोवर केस मऊ लागतो, चमकतो, एकमेकांवरून सरकतो आणि पाणी शोषून फुगत नाही. ब्लीच, रंग, तीव्र अल्कली, ऊन, इस्त्री आणि रोजची घासाघीस यांनी लेप जातो, खवले उचकटतात, तुटतात, आतला गाभा उघडा पडतो. अशा केसाला आपण कोरडा म्हणतो. लेप एकदा गेला की केस तो स्वतः पुन्हा तयार करत नाही. करणार तरी कोण? तिथे जिवंत असं कुणी उरलेलंच नसतं.

आता थोडा हिशेब. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कंबरेपर्यंतची, पाऊण मीटरची वेणी असेल तर तिच्या टोकाचा केस सहा वर्षांपूर्वी टाळूबाहेर आलेला असतो. आठवड्यातून दोनदा नहायलं, असं धरलं तरी त्या टोकाने सहाशेच्या वर नहाणी सोसलेली असतात. शिवाय सहा मालवी उन्हाळे, लग्नसराईतल्या इस्त्र्या, गुंता सोडवताना बसलेले हिसके. अशा टोकाला वीस मिनिटांच्या मास्कने ‘मूळ स्थितीत’ आणायचं म्हणजे सहा वर्षं वीस मिनिटांत मागे फिरवायची. दरपत्रकावर त्याची किंमत लिहिलेली असते, एवढाच त्याला आधार.

यावर पहिला आणि सगळ्यात जोरदार आक्षेप येतो, तो अनुभवाचा. ‘तुम्ही काहीही म्हणा, मास्क लावल्यावर माझे केस मऊ होतात. मी हात लावून पाहिलंय.’ खरं आहे, मऊ होतात. ते मी नाकारत नाही. प्रश्न आहे तो का होतात आणि किती वेळ राहतात, हा. मास्कच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. पहिलं पाणी. मग सेटिअरिल अल्कोहोलसारखं एखादं मेणचट द्रव्य. मग बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा त्याचा एखादा भाऊबंद. मग डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोन. डब्याच्या पुढच्या बाजूला ज्यांची सोनेरी चित्रं असतात ते आर्गन तेल, केराटिन आणि बदाम बहुतेक वेळा अगदी शेपटाला, सुगंधाच्या आसपास सापडतात.

काम करतात ती मधली, चित्र नसलेली नावं. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार अधिक असतो. बेहेनट्रायमोनियमसारख्या रेणूंवर धन भार असतो. दोघं एकमेकांना धरतात, जिथे झीज जास्त तिथे जास्त चिकटतात. सिलिकोन वरून गुळगुळीत पापुद्रा धरतं. उचकटलेले खवले दबतात, घर्षण कमी होतं, कंगवा अडकत नाही. रसायनशास्त्राची ही उत्तम कामगिरी आहे आणि तिची टिंगल करायचं काही कारण नाही. पण हा लेप पुढच्या एक-दोन नहाण्यांत निघून जातो आणि खालचा केस होता तसाच असतो. जुन्या नऊवारीला खळ दिली की ती कडक, नवीकोरी दिसते, विरलेला धागा मात्र विरलेलाच राहतो. खळ देणाऱ्याने खळीचे पैसे घ्यावेत, लुगडं नवं करून दिलं म्हणून सांगू नये.

गंमत म्हणजे कायद्यालाही हे माहीत आहे. आपल्या देशात औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांचा कायदा १९४० चा आहे. त्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या केली आहे ती शरीराला स्वच्छ करणारी, सुशोभित करणारी, आकर्षकता वाढवणारी किंवा रूप बदलणारी वस्तू, अशी. बरं करणारी असं त्यात कुठेही नाही. ‘रिपेअर’ आणि ‘थेरपी’ हे औषधाच्या दुकानातले शब्द प्रसाधनाच्या डब्यावर आले, ते ग्राहकाला त्या दोघांतला फरक दिसू नये म्हणूनच.

काहीजण अधिक बारकाव्याने वाद घालतात. ‘प्रथिनांचे बारीक तुकडे केले की ते केसाच्या आत शिरतात. आता तर तुटलेले बंध जोडणारी उत्पादनंही आली आहेत.’ या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. प्रथिनांचे विघटन करून केलेले लहान तुकडे खराब झालेल्या केसात काही प्रमाणात शिरतात आणि काही काळ त्याला बळ देतात. बंध जोडण्याचा दावा करणारी उत्पादनं २०१४ च्या सुमारास बाजारात गाजली. मूळ हेतू ब्लीच करताना होणारी तूट कमी करण्याचा होता आणि त्यांच्या बाजूने पुढे केला जाणारा पुरावा बराचसा उत्पादकांचाच आहे. ज्यांनी केस वारंवार ब्लीच केले आहेत त्यांनी ती वापरून पाहायला हरकत नाही. पण पंख्याखाली केस वाळवणाऱ्या आणि कधीही रंग न लावणाऱ्या मुलीला हे विकणं म्हणजे ताप नसलेल्याला तापाचं औषध देण्यासारखंच झालं.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘घरचं’ म्हटलं की चिकित्सा बंद करायची, अशी आपली सवय आहे. अंड्यात प्रथिनं आहेत आणि केसही प्रथिनांचा, म्हणून अंडं केसाला लावायचं, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पण अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसात शिरत नाहीत. वरवर सुकतात, आणि धुताना पाणी जरा जास्त गरम असलं तर केसात शिजतात. ज्यांनी आंबोळीचे तुकडे वेचावेत तसे ते वेचले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. केळ्याचंही तेच. मिक्सरमधून कितीही बारीक काढलं तरी दोन दिवस केसातून कण निघत राहतात आणि पोटॅशियम नाल्यात जातं. दही किंचित आंबट असतं, त्याने खवले दबून केस थोडा वेळ मऊ लागतो, एवढाच त्याचा उपयोग. लिंबू मात्र फारच आंबट आणि बेकिंग सोडा अल्कली. कोरड्या केसांवर हे दोन्ही चोळायला सांगणाऱ्यांनी आधी आपल्या टाळूवर प्रयोग करावा.

घरगुती पक्षात दोन गोष्टी मात्र खऱ्या उतरतात. एक मेथी. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीत चिकटा सुटतो तो केसावर पातळ थर धरतो आणि गुंता सुटायला मदत करतो. म्हणजे पार्लरचा मास्क जे करतो तेच, पुष्कळ कमी खर्चात. त्यात पोषण वगैरे काही नाही, पण कामाची आहे. दुसरी गोष्ट खोबरेल तेल, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे आपल्याकडे चांगलं संशोधन झालेलं आहे. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना आणि विंचरताना त्यातून किती प्रथिन निघून जातं, हे त्यांनी मोजलं. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या तेलांपैकी फक्त खोबरेलाने ही गळती ठळकपणे कमी केली. नुसत्या केसावरही आणि खराब केलेल्या केसावरही. कारण त्यांनी सांगितलं ते असं: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत जाऊ शकतं. बाकीची तेलं बाहेरच राहतात.

मॅरिको खोबरेल विकते, हे विसरून चालणार नाही. पण संशोधनाची पद्धत उघड आहे, कारणमीमांसा तपासता येण्याजोगी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या संशोधनाचा दावा नेमका आहे. त्याच्या शीर्षकातच केसांचं नुकसान टाळण्याचा उल्लेख आहे, दुरुस्तीचा नाही. केस पाण्यात फुगतो, वाळताना आक्रसतो, हे पुन्हा पुन्हा झालं की खवले सुटतात. नहाण्याआधी तेल लावलेलं असेल तर फुगणं कमी होतं. आपल्या घरांत नहाण्याच्या आदल्या रात्री तेल चोपडायची पद्धत होती. ती ‘केस पोसण्यासाठी’ आहे असं सांगितलं जायचं. कारण चुकीचं होतं, पद्धत बरोबर होती. चुकीचं कारण सांभाळून पद्धत मात्र सोडून द्यायची, हा पराक्रम आपल्या पिढीने केला. आज तेल चिकट म्हणून नको, पण तेच तेल चार थेंब घातलेल्या मास्कला हजार रुपये चालतात.

इथवर सगळा मामला पैशाचा आणि वेळेचा आहे. कुणाला महिन्याकाठी दोन तास पार्लरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचं असेल तर बसावं. त्या सुखाला मी खोटं म्हणत नाही. पण दरपत्रकाच्या तळाशी, सगळ्यात महाग असलेल्या दोन-तीन ओळी आहेत. त्यांच्याबाबतीत हसून सोडून देता येत नाही.

‘केराटिन ट्रीटमेंट’ नावाच्या प्रकारात केसात केराटिन भरलं जातं, अशी समजूत असते. प्रत्यक्षात केस सरळ आणि गुळगुळीत होतो तो दुसऱ्याच रसायनामुळे. ते रसायन केसाला लावून दोनशे अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री बटेबटेवरून फिरवली जाते. धूर निघतो, डोळे चुरचुरतात, कामावरची मुलगी मान वळवून खोकते आणि एसीमुळे खिडकी बंद असते. वर्षानुवर्षं हे रसायन म्हणजे फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सोडणारं, मिथिलीन ग्लायकॉलसारखं काहीतरी होतं. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिलेला आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पार्लरमधल्या कामगारांनी नाकाडोळ्यांच्या त्रासाच्या तक्रारी केल्या. तिथल्या कामगार सुरक्षा विभागाने ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ या प्रसिद्ध उत्पादनाचे नमुने तपासले. ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ अशी चिठ्ठी असलेल्या बाटल्यांत ते ६ टक्क्यांहून अधिक निघालं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला इशाऱ्याचं पत्र धाडलं.

मग बाजाराने रसायन बदललं. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या अनेक क्रीममध्ये आता ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. त्याची गोष्ट २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मांडली. २६ वर्षांची एक तरुणी, आधी कुठलाही मोठा आजार नाही. तिला २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत तीनदा मूत्रपिंडाचा अचानक बिघाड झाला. उलट्या, ताप, पाठदुखी. तिन्ही वेळा त्याच दिवशी तिने ट्युनिशियातल्या एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. एका खेपेला टाळूला जखमाही झाल्या होत्या. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. डॉक्टरांनी ते क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिलं, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. म्हणजे मुतखड्यात सापडतो तोच पदार्थ. ॲसिड कातडीतून आत जातं, शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांत साचतं. त्याआधीच, २०२३ मध्ये, इस्रायलमधल्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. काहींना डायलिसिसची गरज पडली.

केस सरळ करणाऱ्या रसायनांबाबत आणखी एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत जवळजवळ ३४ हजार स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेऊन २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. ही रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं अनुमानित प्रमाण १.६४ टक्के होतं. वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. हा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही आणि त्यात उत्पादनांची नावंही नोंदवलेली नव्हती. आकड्यांनी घाबरून जावं असंही नाही, टक्के लहान आहेत. पण रूप सुधारण्यासाठी, तेही चार महिने टिकणाऱ्या रूपासाठी, हा धोका पत्करायचा का, हे ठरवण्याचा हक्क खुर्चीत बसलेल्या बाईचा आहे. आणि ठरवायला आधी माहिती हवी. ‘दीदी, ये तो ऑर्गेनिक है’ याला माहिती म्हणत नाहीत.

इंदुरात कोरड्या केसांचं खापर फोडायला आणखी एक डोकं हाताशी असतं, ते म्हणजे पाण्याचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेलं नर्मदेचं पाणी १९७८ पासून शहरात येतं. पण बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड मिळतं आणि मधली गरज बोरिंग भागवतं. माळव्याच्या काळ्या पाषाणातून आलेलं बोरिंगचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. बादलीच्या कडेला पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर खडू. ‘बोरिंगच्या पाण्याने केसांची पार वाट लागली’ हे वाक्य तुकोगंजात ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. लगोलग नळाला लावायच्या फिल्टरची जाहिरात हजर.

पाण्याला सरसकट निर्दोष ठरवायचं नाही, पण पुरावा इतका सरळ नाही. कोइंबतूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी जड पाण्यात आणि शुद्ध पाण्यात धुतलेल्या केसांची ताकद मोजली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष दिला की दोन्हींत लक्षणीय फरक नाही. पुढे पाकिस्तानातल्या एका अभ्यासाने उलट निष्कर्ष काढला. त्यामुळे जड पाण्याने केस कमकुवत होतात की नाही, यावर छातीठोकपणे बोलण्याची गरज नाही. केस खरखरीत लागतो, एवढं मात्र नक्की, विशेषतः अंगाचा साबण डोक्याला लावला तर. साबण आणि कॅल्शियम मिळून जो चिकट साका होतो तो केसावर बसतो. त्यावर इलाज स्वस्त आहे. डोक्याला साबण लावू नका. शेवटचे दोन तांबे नर्मदेच्या पाण्याचे घ्या. सगळ्या घराला फिल्टर बसवायची घाई नको.

बाहेरच्या लेपावर एवढी श्रद्धा ठेवली की आतलं दुखणं दिसत नाही, हा या सिद्धांताचा सगळ्यात मोठा तोटा. २०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस मूठमूठ हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. रुग्णांची संख्या अडीचशेच्या वर गेली. सुरुवातीला बोट कुणाकडे गेलं? शाम्पूकडे आणि पाण्याकडे. मुलींची लग्नं अडतील या भीतीने घरं हादरली. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने गोळा केले. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं, जस्ताचं कमी. संशयाचं बोट रेशनवर आलेल्या गव्हाकडे वळलं. पुढे काहींची नखंही गळू लागली. हा संशय खरा असेल तर जिवंत मुळापर्यंत जे पोहोचलं ते जेवणाच्या ताटातून आणि रक्तातून. डोक्यावरून ओतलेलं काहीही तिथे पोहोचत नव्हतं आणि बाहेरून लावलेल्या कशानेही ते थांबलं नसतं.

शेगावचा प्रकार टोकाचा आहे, पण धडा रोजचा आहे. अचानक केस रुक्ष झाले, त्याबरोबर थकवा आहे, वजन वाढतंय, थंडी सोसवत नाही, तर ती थायरॉइडची चाहूल असू शकते. केस गळतात आणि जिना चढताना धाप लागते, तर हिमोग्लोबिन पाहायला हवं. आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा बाईला मास्क लावून घरी पाठवणं म्हणजे दुखणं लांबवणं. थायरॉइडच्या तपासणीला एका ‘डीप रिपेअर’पेक्षा जास्त पैसे लागतीलच असं नाही.

‘म्हणजे बाईने छान दिसूच नये का?’ हा आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो गैर नाही. बायकांच्या केसांवर कुणी अधिकार गाजवायचा, याचा महाराष्ट्राचा इतिहास काही अभिमानाचा नाही. विधवांचं केशवपन बंद पाडण्यासाठी एकोणिसाव्या शतकात किती झगडावं लागलं, हे आपण जाणतो. त्यामुळे ‘कशाला हे चोचले’ असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी नाही. केस मऊ हवेत, चमकदार हवेत, वाटल्यास जांभळे हवेत, ज्याची त्याची मर्जी. माझा विरोध सौंदर्याला नाही, बनवाबनवीला आहे. आणि बनवाबनवीत फसते ती फक्त ग्राहक नाही. पार्लरमध्ये दिवसभर उभी राहून चार-चार डोक्यांवर ती इस्त्री फिरवणारी मुलगी दर महिन्याला एकदा येणाऱ्या ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक धूर छातीत घेते. ओरेगनमध्ये आवाज उठवला तो कामगारांनीच. आपल्याकडे तिच्या वतीने बोलायला कुणी नाही आणि ती बोलली तर नोकरी जाईल.

मग कोरड्या केसांचं करायचं काय? उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते विकलं जात नाही. नहाण्याआधी तासभर किंवा आदल्या रात्री खोबरेल लावा, मुळापेक्षा टोकांना जास्त. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. ओले केस पंच्याने खसाखसा पुसू नका, दाबून टिपा. ओल्या केसावर इस्त्री कधीच नको, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तो तिथेच तुटतो. कंगवा रुंद दात्यांचा, सुरुवात टोकाकडून. मास्क आवडत असेल तर लावा, पण साध्या कंडिशनरपेक्षा तो फार वेगळं काही करत नाही हे जाणून लावा. आणि फाटे फुटलेलं टोक कशानेही जुळत नाही. त्यावर उपाय एकच, कात्री.

पार्लरवाल्या ताईंना माझं सांगणं आहे की, मास्क खुशाल विका, पण ‘केस दोन धुण्यांपुरते मऊ राहतील’ असं सांगून विका. गिऱ्हाईक तुटणार नाही, उलट विश्वास ठेवेल. केस सरळ करायची क्रीम आणताना डब्यावर घटक छापलेले नसतील तर तो डबा परत करा. इस्त्री चालू असताना खिडकी उघडा, स्वतःसाठीही आणि त्या मुलीसाठीही.

आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला सांगायचं ते असं: डबा हातात मागून घ्या. त्यावर फॉर्मल्डिहाइड, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड ही नावं असतील, किंवा घटकांची यादीच नसेल, तर उठून घरी या. विचारायला संकोच वाटू देऊ नका. पैसे तुमचे आहेत आणि मूत्रपिंडंही तुमचीच.